रंधा मशीन घरी आणायचंय, ४०० किलोच्या आसपास, कसं आणू?

लाकूडवेडा
मंडळी नमस्कार, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलंय म्हणून पहिला धागा काढतोय. भोसरीत एकाने फर्निचरचं वर्कशॉप बंद केलं, त्याच्याकडचं जुनं १२ इंची रंधा मशीन (लाकूड तासून सपाट करायचं) मी घेतलं. पैसे देऊन झालेत, त्यामुळे "घेऊ नकोस" हा सल्ला कृपया देऊ नका, तो घरून भरपूर मिळालाय. अख्खं बिडाचं आहे, पंजाबकडचं असावं, ३ फेज, ३ एचपी मोटर. मालक म्हणतो साडेचारशे किलो, त्याचा कारागीर म्हणतो तीनशे, नक्की कोणालाच माहीत नाही.

न्यायचंय वडगाव बुद्रुकला आमच्या रो-हाऊसच्या मागच्या खोलीत, तळमजलाच आहे. गेटमधून आत पार्किंग १५ फूट, मग काटकोनात वळून बाजूची बोळ, ती ४ फूट रुंद आणि १० फूट लांब, मग तीन पायऱ्या, मग ३३ इंची दार. मशीनची लांबी ५४ इंच, अंग २२ इंच पण मोटर बाजूला बाहेर आलीये, तिच्यासकट ३८ इंच भरतं.

मनुष्यबळ म्हणजे मी, धाकटा भाऊ (कमरेला पट्टा लावतो), दोन मित्र. अवजारं म्हणजे एक बॉटल जॅक. सामान हलवणाऱ्यांना विचारलं तर फोटो बघून १२ हजार म्हणाले आणि वर "काही तुटलं तर आमच्यावर नाही". माझा विचार असा की खोलीत पंख्याचा हूक आहे, त्याला चेन कप्पी लावायची, उचलायचं आणि आत ओढून घ्यायचं. पाऊस यायच्या आत करायचंय. बोला.

प्राजक्ता_सिव्हिल
पंख्याचा हूक नको. नको म्हणजे नकोच.

तो हूक म्हणजे स्लॅब ओतताना सळईचा एक तुकडा वाकवून जाळीत अडकवलेला असतो, बहुतेक ८ किंवा १० एमएम. तो नीट अडकवलाय की नुसताच काँक्रीटमध्ये खोचलाय हे बांधणाऱ्या मिस्त्रीशिवाय कोणाला माहीत नाही आणि मिस्त्री आता सापडणार नाही. पंख्याचं वजन पाच-सहा किलो असतं हो. शिवाय कप्पीचा भार म्हणजे नुसतं वजन नाही, साखळी एकदा सटकून धरली की झटका बसतो, तो वजनाच्या कितीतरी जास्त. घराच्या स्लॅबचा हिशोब आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला २०० किलो धरून करतात, तेही पसरलेलं वजन, एका टाचणीवर लटकवलेलं नाही.

खाली जमिनीवर ठेवणार त्याची मात्र काळजी नको, मातीवरची फरशी आहे. पण एक सांगा, पार्किंगमध्ये पाण्याची टाकी आहे का आणि तिचं झाकण कुठे आहे?

लाकूडवेडा
हूक रद्द. टाकीचं झाकण बरोब्बर मधोमध आहे, आणि बोळीच्या तोंडाशी ड्रेनेजचं चेंबर. तुम्ही आमच्या घरी येऊन गेलात का?

प्राजक्ता_सिव्हिल
पुण्यातली सगळी रो-हाऊसं बघून झालीत 😄 टाकीच्या स्लॅबवर रोज गाडी उभी राहत असेल तर स्लॅबची चिंता नाही, प्रश्न झाकणाचा आणि त्याच्या कडेचा. गाडीचं चाक रबरी असतं, भार पसरतो. तुमच्या मशीनखाली लोखंडी पाईप आला की सगळा भार एका रेघेवर. झाकण चुकवा, आणि चेंबर चुकवता येत नसेल तर त्यावर १९ एमएम प्लायच्या दोन शीट एकावर एक टाका, चारी बाजूंनी फूटभर बाहेर. आतल्या टाइल्सवर पण प्लाय टाका. त्याआधी रुपयाच्या नाण्याने टाइल्स वाजवून बघा, जिथे बद्द आवाज येईल तिथे खाली पोकळ आहे, तिथे फुटणार.

सब्बलवाला_नागपूर
चार मजबूत पोट्टे बोलवा, एकेका कोपऱ्याले एक, न्या उचलून. १०० किलो एकेकाले, काय मोठं.

आबा_सुतार
वरच्या नागपूरकरांचं ऐकू नका, ते मस्करी करत असतील अशी आशा आहे.

मी ४१ वर्षं या धंद्यात आहे, आता मुलगा बघतो. माझ्या स्वतःच्या शेडमध्ये झालेली गोष्ट सांगतो. ३६ इंची बँडसॉ होता, तो फक्त सहा फूट सरकवायचा होता, दुपारची जेवणाची वेळ, म्हटलं दोन मिनिटांचं काम. बँडसॉचं सगळं वजन वर, वरचं चाकच केवढं जड असतं आणि खाली पाय म्हणजे हातभर. एका बाजूने पहार घातली, जरा जास्तच उचललं गेलं, कलंडायला लागला. आमच्याकडे एक पोरगा होता, चांगला कामसू, त्याने काय करावं तर दोन्ही हातांनी थोपवायला गेला. दोन बोटं गेली. तो हात लावता ना तरी मशीन पडलंच असतं, आणि हात लावला तरी पडलंच. तेव्हापासून माझ्याकडे कामाला सुरुवात करायच्या आधी सगळ्यांना एकच वाक्य म्हणायला लावतो, "पडतंय ते पडू द्यायचं". मोठ्याने म्हणायला लावतो. नवीन पोरं हसतात.

रंध्याचं तसं नाही, तो बुटका असतो, वजन खाली असतं, त्यामुळे तुमचं काम अवघड नाही. पण पुढच्या गोष्टी करा.

पहिलं, कटर ब्लॉकची, म्हणजे दोन टेबलांच्या मध्ये फिरणाऱ्या रुळाची, पाती काढा. बरेच जण नुसतं फडकं गुंडाळतात. मशीन हलवताना हात कुठेतरी धरायला शोधतो आणि तो नेमका तिथेच जातो, कारण टेबलांच्या मधली फट हाताला सोयीची असते. पाती काढून वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळी ठेवा.

दुसरं, मोटर, पट्टा, फेन्स (फळी टेकवायची उभी पट्टी), गार्ड सगळं उतरवा. टेबलं उतरवू नका. उतरवली तर वजन कमी होईल हे खरं पण दोन्ही टेबलं परत एका पातळीत आणायला नवख्या माणसाचा आठवडा जातो, मग इथे दुसरा धागा काढावा लागेल.

तिसरं, टेबलाला धरून उचलायचं नाही, टेबलाखाली जॅक लावायचा नाही, टेबलाला दोर बांधायचा नाही. जे काय करायचं ते खालच्या बैठकीला. बीड दाबाला राक्षस आहे पण वाकवलं किंवा ठोकलं तर बिस्किट. एकदा तडा गेला की साधं वेल्डिंग टिकत नाही, निकेलचा रॉड लागतो, आधी तापवावं लागतं, तरी भरवसा नाही.

लाकूडवेडा
आबा, दंडवत. वाचून हात थंड पडले. पाती उद्याच काढतो.

मागवाला_इचलकरंजी
राव आमच्या गावात तर हे रोजचं काम हाय. यंत्रमाग विकला, नवीन आला, शेड बदलली, की माग हलवायचा. आमच्याकडं या कामाच्या टोळ्याच आहेत, चार माणसं, दोन पहारी, आठ पाईप, आणि तंबाखू. बास. क्रेन बिन काही नाही.

तर ऐका. मशीनचे पाय लहान असत्यात, ते पाईपवर सरळ ठेवलं की पाय दोन पाईपांच्या मधी घुसतो आणि अडकतो. म्हणून आधी मशीनखाली दोन लांब लाकडं लावायची, ३ बाय ४ ची, बाभळीची मिळाली तर उत्तम, मशीनपेक्षा दोन्हीकडं अर्धा फूट जास्त, आणि बैठकीच्या भोकातनं बोल्टनं आवळायची. पुढची टोकं खालनं तासायची, होडीच्या नाळेसारखी, म्हणजे पाईपवर आपोआप चढतंय. एवढं केलं की अर्धं काम झालं बघा.

पाईप दीड इंची जीआय, सी क्लास सांगून घ्यायचे. हलका घेतला की चेपतो, आणि चेपलेला पाईप म्हणजे दगड, फिरत नाही. सहा तुकडे घ्या. खाली कायम तीन असले पाहिजेत, मागचा सुटला की उचलून पुढं. वळवायचं असलं की पुढचे पाईप पंख्याच्या पात्यासारखे तिरके मांडायचे, मशीन आपलं आपण वळतंय. आणि पाईप तिरका झाला तर सरळ करायला हात घालायचा नाही, पाय पण नाही, हातोडीनं टोचायचं. ज्यांची बोटं सपाट झालीत त्यांनी सगळ्यांनी हेच केलंतं.

उचलायला पहार. पाच फुटी पहार, टोकापासून तीन इंचावर लाकडाचा टेकू. तुम्ही शिकलेली माणसं, हिशोब तुम्ही करा.

लाकूडवेडा
हिशोब केला 🙂 ६० इंचाची पहार, टेकू ३ इंचावर, म्हणजे ५७ ला ३, एकाला एकोणीस. मशीनचं एक टोक उचलायचं म्हणजे निम्मं वजन, समजा २०० किलो, तर दांड्यावर साडेदहा किलोचा दाब पुरतो. हे तर माझी पुतणी पण करेल.

मागवाला_इचलकरंजी
करंल की. फक्त एका वेळी एकच टोक, आणि अंगठ्याएवढंच. उचललं की लगेच पाचर सारायची, मग दुसरं टोक. ज्याच्या हातात पहार त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी गप. चार जण चार सूचना द्यायला लागले की काम बिघडलं.

शंकासुर
एवढं सगळं करण्यापेक्षा हायड्रा क्रेन का नाही बोलवत?

लाकूडवेडा
हायड्रा बोळीत कशी जाणार दादा, ४ फूट आहे.

सुतारीण
हायड्रा बोळीत नाही पण टेम्पोतून उतरवायला कामाची आहे. आणि भोसरीत चढवायला तर हायड्राही नको, शेजारच्या शेडमध्ये कोणाकडे तरी फोर्कलिफ्ट असतेच, चहापाण्यावर दहा मिनिटांत चढवून देतात. मी माझा थिकनेसर (फळीची जाडी सारखी करणारं मशीन) तसाच आणला चाकणहून. फोर्कच्या आणि बैठकीच्या मध्ये लाकूड टाकायला लावा, लोखंडावर बीड सटकतं.

टेम्पोत केबिनच्या पाठीला टेकवून ठेवा आणि बैठकीला चार रॅचेट पट्टे, चार दिशांना. छोटा हत्ती पुरेल, त्याची वजनमर्यादा पाऊण टनाच्या आसपास असते. आणि टेम्पोत ठेवल्यावर खालचे पाईप काढा. हसू नका, ठेवलेले पाहिलेत मी.

एक महत्त्वाचं. मशीन आणायच्या आधी खोलीत खडूने जमिनीवर ते आखून घ्या, आणि एक आठ फुटी फळी हातात धरून मशीनवरून ढकलतोय असं करून बघा. रंध्याला जितकी लांब फळी तितकी जागा पुढे, आणि तितकीच मागे पण लागते. हे खूप जण विसरतात, मी पण विसरले होते.

लाकूडवेडा
फोर्कलिफ्टची आयडिया भारी. खडूचं नंतर बघतो, आधी आत तर येऊ दे.

सब्बलवाला_नागपूर
मस्करीच करत होतो आबा, राग नका मानू. आमच्याकडे पहारीले सब्बल म्हणतात म्हणून हे नाव घेतलंय, थोडंफार मलेही कळते. लेथवाल्यांसाठी एक ॲड करतो, लेथचं वजन हेडस्टॉककडे (फिरणाऱ्या टोकाकडे) असते, तर टेलस्टॉक (सरकणारा दुसरा आधार) पार दुसऱ्या टोकाले नेऊन आवळा. मधातून उचलाल तर एका अंगाले जाईल.

जर्सीकर
मी इथे न्यू जर्सीत बेसमेंटमध्ये जुना युनिसॉ (टेबलवाली गोल करवत) उतरवला होता म्हणून लिहितो. माझ्याकडे घडीची शॉप क्रेन आहे, गॅरेजवाले इंजिन काढायला वापरतात ती. त्याबद्दल एक सावधगिरी, डब्यावर २ टन लिहिलेलं असतं पण ते हात पूर्ण आत असताना, हात पूर्ण बाहेर काढला की तीच क्रेन अर्ध्या टनाची होते. दांड्यावर भोकांपाशी आकडे लिहिलेले असतात, ते वाचावेत.

पण माझा मुद्दा दोराचा आहे. मला मशीन जिन्यावरच्या फळ्यांवरून खाली सोडायचं होतं. मी दाराबाहेर एक जाड लाकूड भिंतीला आडवं टाकलं, दाराच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीवर टेकेल असं, चौकटीवर नाही, आणि दोराचे त्याला दोन वेढे दिले. लहानपणी आमच्या गावी विहिरीवर आजोबा मोट ओढायच्या दोराला असाच खुंटीला वेढा द्यायचे ते आठवलं. दोन वेढ्यांत भार विसाव्या भागावर येतो, तीन दिले तर त्याहून कितीतरी कमी. मी एकटा होतो, मुलगी (वय ११) दोर धरून उभी होती आणि ती बोअर झाली होती. एवढंच की वेढे एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत, नाहीतर अडकतो.

प्राजक्ता_सिव्हिल
वा, हा आडव्या लाकडाचा प्रकार आवडला. धागाकर्ते, तुमच्या खोलीला समोरच्या भिंतीत खिडकी किंवा दार आहे का? असेल तर त्याच्या बाहेरून असं लाकूड आडवं टाका आणि तिथून ओढा, कुठेही हूक ठोकायची गरज नाही, भिंत अख्खी तुमच्या बाजूने.

मागवाला_इचलकरंजी
ओढायला चेन कप्पी आणू नका, ती उभी लटकवायसाठी असती, आडवी धरली की साखळी घोटाळा करती. रॅचेट पुलर मिळतो (दांडा मारला की एकेक दात करत केबल गुंडाळून ओढतो) तो आणा, कुठल्याही दिशेला चालतोय.

शंकासुर
आणि माथाडी कामगार? ते तर हेच काम करतात ना? त्यांचा कायदा पण आहे.

आबा_सुतार
कायदा आहे, १९६९ चा. पण माथाडी म्हणजे माथ्यावर ओझं वाहणारे, गोणी, पोती, खोकी. त्यांच्या कष्टाबद्दल आदरच आहे. मशीन हलवणं ही वेगळी विद्या आहे, त्यात उचलायचं कमी आणि सरकवायचं जास्त. केरळात बेपूरचे खलाशी आहेत, लाकडी जहाजं ओंडक्यांवरून पाण्यात सोडणारे. १९८८ साली पेरुमनला रेल्वेचे डबे अष्टमुडी तलावात पडले तेव्हा डबे बाहेर काढायला त्यांना बोलावलं होतं. दोर, कप्प्या, ओंडके आणि एका लयीतली आरोळी, एवढ्यावर.

लाकूडवेडा
अपडेट १. आज भोसरीला जाऊन मशीन मोकळं केलं. मोटर काढताना चारातला एक बोल्ट निघेना, रॉकेल टाकून तासभर बसलो, शेवटी त्या कारागिरानेच पाना लावला आणि त्यावर पाईप चढवून अर्ध्या मिनिटात काढला, माझ्याकडे बघितलं पण नाही. बैठकीखाली बाभळीची दोन लाकडं बोल्टनी आवळली, टोकं तासली. शेजारच्या फोर्कलिफ्टवाल्याने टेम्पोत ठेवून दिलं. येताना वजनकाट्यावर घेतलं, आधी रिकामा टेम्पो केला होताच, फरक ३८० किलो. म्हणजे मालक आणि कारागीर दोघंही चुकले. मोटर-फेन्स वेगळे धरले तर अंग ३३० च्या आसपास.

आज रात्री टेम्पो गेटबाहेर ताडपत्री टाकून उभा. ढग आलेत.

सुतारीण
टेबलांवर ग्रीस फासलंत का? रात्रीच्या दमटपणात सुद्धा बिडावर तांबूस थर येतो, पाऊस पडायची गरज नाही.

लाकूडवेडा
फासलं, बायकोची जुनी ओढणी वापरली, जुनी होती असं मला वाटलं.

लाकूडवेडा
अपडेट २. मोठं आहे, चहा घेऊन बसा.

सकाळी गल्लीत बांधकामावर हायड्रा उभी होती, ऑपरेटरला विचारलं, ५०० रुपयांत खाली ठेवून दिलं. पट्टे बैठकीखालून घेतले आणि वर टेबलांना दाबू नयेत म्हणून मध्ये लाकडाचे तुकडे अडकवले. सरळ पार्किंगच्या तोंडाशी पाईपांवर उतरवलं. आबांचं वाक्य सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतलं, हायड्राचा ऑपरेटर पण म्हणाला.

पार्किंगचे १५ फूट म्हणजे मजा होती. दोन बोटांनी ढकललं तरी जातं, खोटं वाटेल पण खरंच. टाकीचं झाकण डावीकडे ठेवून गेलो. बोळीच्या तोंडाशी इचलकरंजीकरांनी सांगितल्याप्रमाणे पाईप पंख्यासारखे मांडले आणि ५४ इंचाचं ते धूड पहिल्याच झटक्यात वळलं, मित्राने शिट्टी मारली. चेंबरवर दोन प्लाय, काही झालं नाही.

मग पायऱ्या. तीन पायऱ्या म्हणजे १८ इंच चढ, फॅब्रिकेशनवाल्याकडून १० फुटी सी-चॅनेल दोन आणले, खाली ठोकळ्यांची थप्पी, वर प्लाय स्क्रू मारून. साधारण साडेसहाला एक उतार. खोलीच्या समोरच्या भिंतीत खिडकी आहे, तिच्या बाहेरून ४ बाय ४ चं लाकूड आडवं टाकलं, त्याला रॅचेट पुलर. मी पुलरवर, भाऊ दारात आत, दोघं मित्र खाली पण मशीनच्या मागे नाही, बाजूला. चाललं. टक टक टक करत एकेक दात. पुढचं टोक दुसऱ्या पायरीच्या वर आलं आणि पुलर थांबला.

बघतो तर केबल संपली. पूर्ण ड्रमवर आली. पुलरची केबल असते सहा फूट आणि मला चढायचेत नऊ. हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही, माझ्या तर नाहीच नाही. ३३० किलो मशीन, उतारावर, खाली गोल पाईप, आणि आता पुलर सोडून पुढे अडकवायचा तर मशीनला धरणार कोण.

त्या वेळी एकदम शांतता झाली. समोरच्या काकू गॅलरीतून बघत होत्या त्या पण आत गेल्या. मी खालच्या मित्राला म्हटलं पाचर. त्याने मागच्या पाईपाच्या मागे एक पाचर ठोकली, मग दुसरी बाभळीच्या लाकडाच्या टोकाखाली. ती ठोकताना पाईप अर्धा इंच मागे आला, क्र्र्र असा आवाज, मित्राने हात काढून घेतला आणि उडी मारून बाजूला. अर्धाच इंच, पाचरीवर बसला आणि थांबला. पण तो अर्धा इंच मला पोटात जाणवला.

मग जर्सीकरांचा दोर आठवला. नायलॉनचा जाड दोर बैठकीला बांधला, खिडकीबाहेरच्या त्याच लाकडाला दोन वेढे दिले आणि टोक भावाच्या हातात. पुलर हळूहळू सैल केला. मशीन हललं नाही. भाऊ, कमरेला पट्टा लावणारा माझा भाऊ, एका हातात दोर धरून उभा आणि दुसऱ्या हाताने मोबाईल बघतोय, मी ओरडलो तर म्हणतो काही लागतच नाहीये रे ताकद. पुलर पुढे अडकवला, परत टक टक, आणि साडेबाराला मशीन उंबऱ्याच्या आत.

नुकसान म्हणजे दारातली एक टाइल फुटली, प्लाय तिथे दोन इंच कमी पडला होता. नाण्याने वाजवून बघितली होती, बद्दच वाजली होती, तरी म्हटलं जाऊ दे.

जर्सीकर
मी इकडे वाचताना खुर्चीच्या कडेला आलो होतो. दोर कामाला आला हे वाचून बरं वाटलं, मुलीला दाखवतो.

आबा_सुतार
पाचर ठोकताना हात काढून घेणारा मित्र चांगला आहे, त्याला सोडू नका.

आता बसवताना घाई करू नका. फरशी कधीच सपाट नसते. चार पायांखाली पत्र्याचे तुकडे घालून डुगडुग काढा, मग लेव्हल. जमिनीला बोल्ट मारायचाच असेल तर डुगडुग गेल्यावर, नाहीतर बोल्ट आवळून बैठकच पिळवटते आणि टेबलं पण. दोन दिवस तसंच ठेवा, मग सरळ पट्टी दोन्ही टेबलांवर टाकून बघा.

लाकूडवेडा
पत्रे घातले, तीन पायांवर टेकतंय, चौथ्याखाली १ एमएम लागला. अवांतर, ३ फेजचं काय करू? घरी सिंगल फेज आहे, नवीन कनेक्शनचं प्रकरण नकोय.

सब्बलवाला_नागपूर
व्हीएफडी लावा (सिंगल फेजवरून मोटरले ३ फेज देणारा डबा), सिंगल फेज इनपुटवाला. मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडून आत सहा टोकं आहेत का बघा. ३ एचपीपर्यंतच्या मोटरी आपल्याकडे बहुतेक ४१५ व्होल्टवर स्टारमध्ये जोडलेल्या असतात, सहा टोकं असतील तर डेल्टा (टोकं जोडायची दुसरी पद्धत) करून २३० वर चालते. वायरमनकडूनच करा. आणि पहिल्यांदा चालू करताना पट्टा काढून करा, उलटी फिरली तर मोटरकडे जाणाऱ्या कोणत्याही दोन फेज बदला. पट्ट्यासकट उलटी फिरवाल तर पात्यांची पाठ लाकडाले घासेल.

लाकूडवेडा
सहा टोकं आहेत! फोटो टाकलाय, मशीन बसवलेला पण टाकलाय. कसं दिसतंय?

सुतारीण
सुंदर दिसतंय. फोटोत मागच्या टेबलाच्या पलीकडे जी भिंत आहे, ती टेबलाच्या टोकापासून किती लांब आहे?

लाकूडवेडा
थांबा, टेप आणतो.

लाकूडवेडा
चार फूट दोन इंच.

सुतारीण
आणि फळी?

लाकूडवेडा
आठ फुटी. सगळ्या आठ फुटी आहेत.

मागवाला_इचलकरंजी
पाईप दिले का परत?

लाकूडवेडा
नाही अजून. बरं झालं. रविवारी सकाळी ते अख्खं मशीन दाराच्या दिशेने फिरवायचंय, म्हणजे फळी सरळ बोळीत निघेल. भावाला अजून सांगितलेलं नाही. सुतारीणताई, खडू आणलाय.